टीकेइंटर शिकताना: सहा नमुना प्रोग्रॅम आणि त्यांत मुद्दाम करायच्या चुका

पायथन बऱ्यापैकी हाताखाली आल्यावर आपला प्रोग्रॅम टर्मिनलच्या काळ्या पडद्यातून बाहेर काढून खिडक्या-बटणांच्या रूपात मांडावा असे प्रत्येकाला वाटते. मग कुठला तरी नमुना प्रोग्रॅम उतरवून घेतला जातो, तो चालतो, खिडकी दिसते, आनंद होतो. आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या फाइलसमोर बसल्यावर पहिली ओळही सुचत नाही. याचे कारण वाक्यरचना अवघड असणे हे नाही. आतापर्यंत लिहिलेले प्रोग्रॅम वरून खाली, ओळीमागून ओळ चालत होते. खिडकीचा प्रोग्रॅम मात्र आधी सगळे मांडून ठेवतो आणि मग वापरणाऱ्याची वाट पाहत बसतो. कोणती ओळ आत्ता चालते आणि कोणती नंतर, हा भेद ज्याला दिसू लागला त्याला टूलकिटचा, म्हणजे खिडक्या-बटणे बनवण्याच्या तयार संचाचा, निम्मा भाग आला असे मी समजतो. पुढील सहा नमुने त्याच भेदाभोवती निवडले आहेत, आणि प्रत्येक नमुना चालल्यावर तो कुठे व कसा मोडून पाहायचा हेही सांगितले आहे.

टूलकिट म्हणून येथे टीकेइंटर घेतले आहे, कारण ते पायथनच्या प्रमाण संचाचाच भाग आहे आणि बहुतेक ठिकाणी वेगळे काही बसवावे लागत नाही. त्याच्या तळाशी टीके हे टूलकिट आहे. जॉन आउस्टरहाउट यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत १९८८ च्या सुमारास टीसीएल ही भाषा तयार केली आणि त्यानंतर लवकरच तिच्यासाठी टीके लिहिले. टीकेइंटर हा पायथन आणि टीके यांच्यामधला दुभाषा आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे काही त्रुटीसंदेश पायथनचे आणि काही टीसीएलचे दिसतील.

एक सूचना आधीच. या लेखात आज्ञांची नावे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत; फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची आहेत. आपण स्वतः देत असलेली नावे मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीतही चालतात: फंक्शनला ‘नमस्कार’ किंवा चलाला ‘गुंठे’ असे नाव खुशाल द्यावे. नमुने वाचताना आपले नाव कोणते आणि टूलकिटचे कोणते हे त्यामुळे एका नजरेत कळते, म्हणून शिकण्याच्या काळात मी ही पद्धत आवर्जून वापरायला सांगतो.

पहिला नमुना: जो आधीच तुमच्या संगणकावर आहे

टर्मिनलमध्ये पायथनला ‘उणे एम’ हा पर्याय देऊन पुढे टीकेइंटर असे लिहावे. एक छोटी खिडकी उघडते. तिच्यात टीसीएल-टीकेची आवृत्ती लिहिलेली असते आणि खाली दोन बटणे असतात. खिडकी न येता मोड्यूल सापडत नसल्याचा संदेश आला, तर तुम्ही बहुधा उबुंटू किंवा डेबियनवर आहात. तेथे टीकेइंटरचे पॅकेज वेगळे असते आणि ते एपीटीने ‘पायथन३-टीके’ या नावाने बसवावे लागते.

आता वरचे बटण दाबावे. त्या बटणावरच्याच मजकुराभोवती चौकोनी कंस येतो. पुन्हा दाबल्यास आणखी एक कंस. ही क्षुल्लक गंमत वाटते, पण याच खिडकीचा कोड वाचण्यासारखा आहे. तो टीकेइंटरच्या मुख्य फाइलच्या अगदी शेवटी, ‘टेस्ट’ नावाच्या फंक्शनमध्ये आहे आणि वीस-पंचवीस ओळींपेक्षा मोठा नाही. त्यात मुख्य खिडकी, लेबल, दोन बटणे, एक लॅम्डा (एका ओळीतले बिननावी फंक्शन) आणि शेवटी मेनलूप एवढेच आहे. आज तो पूर्ण समजला नाही तरी हरकत नाही. सहावा नमुना संपल्यावर परत येऊन वाचावा.

दुसरा नमुना: तीन ओळींची खिडकी

पहिल्या ओळीत टीकेइंटर हे मोड्यूल ‘टीके’ या छोट्या नावाने आयात करावे. दुसऱ्या ओळीत टीके वर्गाची वस्तू तयार करून तिला ‘खिडकी’ हे नाव द्यावे. तिसऱ्या ओळीत त्या खिडकीवर मेनलूप ही पद्धत चालवावी. फाइल साठवून टर्मिनलमधून चालवली की रिकामी खिडकी दिसते.

फाइलचे नाव ‘टीकेइंटर’ असे मात्र ठेवू नये. मी पहिल्याच दिवशी हेच केले होते. आयातीच्या ओळीवर पायथन खऱ्या मोड्यूलऐवजी माझीच फाइल उघडत होता आणि मोड्यूल अर्धवट तयार असल्याची तक्रार करत होता. दोष टूलकिटचा आहे या समजुतीत मी ते पुन्हा बसवण्यात एक संध्याकाळ घालवली.

खिडकी दिसली की तिसरी ओळ काढून टाकावी आणि काय होईल याचा अंदाज कागदावर लिहून मगच प्रोग्रॅम चालवावा. टर्मिनलमधून चालवल्यास खिडकी चमकून जाते किंवा दिसतही नाही, कारण ती तयार करून पायथन फाइलच्या शेवटाला पोहोचतो आणि प्रोग्रॅम संपतो. मेनलूप म्हणजे ‘आता मांडणी झाली, येथून पुढे वाट पाहा’ ही आज्ञा आहे. हीच फाइल आयडलमध्ये, म्हणजे पायथनसोबत येणाऱ्या संपादकात, एफ५ दाबून चालवली तर मात्र मेनलूप नसूनही खिडकी शाबूत राहते, कारण आयडल मागच्या बाजूने टीकेच्या घटना स्वतःच हाताळत असतो. ‘माझ्याकडे चालते, मित्राकडे चालत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा एवढेच असते. म्हणून नमुने नेहमी टर्मिनलमधून तपासावेत.

तिसरा नमुना: एक बटण आणि मग दहा बटणे

‘नमस्कार’ नावाचे फंक्शन लिहावे, ज्यात केवळ एक ओळ छापली जाईल. त्यानंतर खिडकीत एक बटण तयार करावे. त्याच्या टेक्स्ट या पर्यायाला ‘दाबा’ हा मजकूर आणि कमांड या पर्यायाला ‘नमस्कार’ हे फंक्शन द्यावे. बटण नुसते तयार करून दिसत नाही. ते पॅक या पद्धतीने खिडकीत बसवावे लागते.

येथे करायची चूक ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची चूक आहे. कमांडला ‘नमस्कार’ देण्याऐवजी ‘नमस्कार’ आणि पुढे रिकामा गोल कंस असे लिहावे. प्रोग्रॅम सुरू होताच, बटणाला हात न लावता, ओळ छापली जाते आणि नंतर बटण कितीही दाबले तरी काही होत नाही. कंस लावला की फंक्शन आत्ता चालते आणि त्याचे उत्तर, म्हणजे येथे काहीच नाही, बटणाला मिळते. कंसाशिवाय लिहिले तर फंक्शन स्वतः बटणाच्या हवाली होते आणि नंतर चालते. वाढप्याला चिठ्ठी देणे आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन ताट वाढून घेणे यांत जितके अंतर आहे, तितके या दोन लेखनांत आहे.

दुसरी नेहमीची चूक बटण तयार करणे आणि पॅक करणे एकाच ओळीत जोडून ते चलात साठवण्याची. पॅक काहीच परत देत नसल्याने चलात बटण येत नाही, आणि पुढे त्या चलावर काही करायला गेल्यास ‘नन-टाइप’चा उल्लेख असलेला त्रुटीसंदेश येतो. दोन ओळी वेगळ्या ठेवाव्यात.

मग फॉर लूप वापरून शून्य ते नऊ अशी दहा बटणे करावीत, ज्यांवर ० ते ९ हे देवनागरी अंक असतील, आणि प्रत्येकाच्या कमांडला लूपमधील अंक छापणारा लॅम्डा द्यावा. कोणतेही बटण दाबा, ९ च छापला जातो. दहाही लॅम्डा एकाच चलाकडे बोट दाखवतात आणि ते चल बटण दाबण्याच्या वेळी, म्हणजे नंतर, वाचले जाते. तोपर्यंत लूप संपून त्यात ९ राहिलेला असतो. उपाय असा की लॅम्डाच्या मापदंडातच ‘अंक बरोबर अंक’ असे पूर्वनिर्धारित मूल्य द्यावे, म्हणजे ते मूल्य आत्ता, लॅम्डा तयार होतानाच, पक्के होते. हा दोष मी अनुभवी लोकांच्या कोडमध्येही पाहिला आहे.

चौथा नमुना: सातबाऱ्यावरील क्षेत्राचे एकर-गुंठे

रूपांतर करणारा प्रोग्रॅम हा टूलकिट शिकण्याचा जुनाच प्रकार आहे. बहुतेक ठिकाणी त्यात फूट आणि मीटर असतात. आपल्याकडे मात्र सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये लिहिलेले असते आणि बोलताना सगळे एकर-गुंठ्यांत बोलतात, त्यामुळे हा नमुना लिहून झाल्यावर घरात कोणीतरी तो खरोखर वापरण्याची शक्यता आहे.

हिशेब सरळ आहे. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, एक आर म्हणजे १०० चौरस मीटर; एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१.१७ चौरस मीटर. आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. सातबाऱ्यावर १.२०.०० असे क्षेत्र असेल तर ते १२,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ११८.६ गुंठे, म्हणजेच २ एकर ३८.६ गुंठे होते. प्रोग्रॅम तपासताना हेच उदाहरण वापरावे.

मांडणीसाठी एक फ्रेम घेऊन तिच्यात चार गोष्टी ठेवाव्यात: ‘क्षेत्र’ हे लेबल, मजकूर भरण्याची एंट्री, ‘रूपांतर करा’ हे बटण आणि उत्तराचे रिकामे लेबल. या वेळी पॅकऐवजी ग्रिड वापरावे, ज्यात प्रत्येक वस्तूची ओळ आणि स्तंभ सांगायचा असतो. एकाच फ्रेममध्ये काही वस्तू पॅकने आणि काही ग्रिडने बसवून पाहावे. टीसीएलचा त्रुटीसंदेश येईल आणि तो या लेखातील बहुधा सर्वांत स्पष्ट संदेश आहे. खिडकी ताणल्यावर एंट्रीही ताणली जावी असे वाटत असेल तर तिला ‘स्टिकी’ पर्यायात पूर्व-पश्चिम सांगावे लागते आणि शिवाय त्या स्तंभाला ‘वेट’ एक द्यावे लागते. यांपैकी एकच केल्याने काही होत नाही. मांडणीबद्दल सध्या एवढे पुरे.

खरी मौज मजकूर वाचण्यात आहे. एंट्रीतील मजकूर गेट या पद्धतीने मिळतो आणि तो बटण दाबल्यावर, म्हणजे ‘रूपांतर’ या फंक्शनच्या आत, वाचायला हवा. नवशिके तो फंक्शनच्या बाहेर, एंट्री तयार केल्याबरोबर वाचतात, आणि त्या क्षणी एंट्री रिकामी असल्याने रिकामाच मजकूर मिळतो. आत्ता आणि नंतर, पुन्हा तेच.

मिळालेला मजकूर ‘फ्लोट’ने आकड्यात बदलायला जावे तर १.२०.०० मध्ये दोन टिंबे असल्याने व्हॅल्यू-एरर येते. म्हणून तो टिंबांवर तोडून तीन तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याला ‘इंट’ लावावा. वापरणाऱ्याने देवनागरी आकडे टाइप केले तर काय, हा प्रश्न मराठी माणसाला लगेच पडतो. उत्तर सुखद आहे: पायथनचा ‘इंट’ ‘२०’ हा देवनागरी मजकूर वीस म्हणूनच वाचतो, त्यासाठी काही करावे लागत नाही. कोडमध्ये मात्र थेट देवनागरी ४० लिहिलेला चालत नाही, तेथे रोमन आकडाच लागतो. उत्तर देवनागरीत दाखवायचे असल्यास ‘मेकट्रान्स’ने दहा अंकांची जोडणी एकदा करून ठेवावी आणि उत्तराच्या मजकुरावर ‘ट्रान्सलेट’ चालवावे. दोन ओळींचे काम आहे.

आता एंट्रीत ‘दोन एकर’ असे लिहून बटण दाबावे. खिडकी बंद पडत नाही, काही दिसतही नाही, आणि टर्मिनलमध्ये मात्र त्रुटीचा भलामोठा संदेश उमटलेला असतो. टीकेइंटर कॉलबॅकमधील, म्हणजे बटणाच्या हवाली केलेल्या फंक्शनमधील, अपवाद गिळत नाही, पण तो टर्मिनलवर छापून वाट पाहणे चालूच ठेवतो. विंडोजवर टर्मिनलशिवाय चालणाऱ्या प्रकारची फाइल केली असेल तर हा संदेश कुठेच दिसत नाही आणि बटण ‘मेले’ असे वाटते. म्हणून रूपांतर ट्राय-एक्सेप्टमध्ये घालावे आणि चूक झाल्यास उत्तराच्या लेबलावरच ‘हेक्टर.आर.चौरस मीटर असे लिहा’ हे दाखवावे.

देवनागरी दिसण्याविषयी एक इशारा. विंडोजवर निर्मला यूआय हा फॉण्ट दिल्यास लेबले ठीक दिसतात. लिनक्सवर मात्र टीकेला जोडाक्षरांची नीट जुळणी करता येत नसल्याचा अनुभव येतो. ‘स्थिती’ची पहिली वेलांटी भलत्याच जागी दिसू शकते. ‘स्थिती’, ‘विद्यार्थी’ आणि ‘क्षेत्र’ हे तीन शब्द लेबलावर टाकून आधीच पाहून घ्यावे, म्हणजे नंतर आपल्या कोडमध्ये दोष शोधत बसावे लागत नाही.

पाचवा नमुना: घड्याळ

मोठ्या अक्षरांतील एक लेबल आणि त्यावर दर सेकंदाला बदलणारी वेळ. सहज सुचणारा मार्ग म्हणजे व्हाइल लूप लिहून त्यात वेळ दाखवावी आणि ‘स्लीप’ने एक सेकंद थांबावे. तसे करूनच पाहावे. खिडकी येत नाही, किंवा आली तरी दगडासारखी बसते आणि विंडोज तिला प्रतिसाद देत नसल्याचा शेरा मारते. स्लीपमध्ये पायथन झोपलेला असताना माउस, कीबोर्ड आणि खिडकी पुन्हा रंगवण्याची कामे कोणीच पाहत नाही, कारण ती सगळी मेनलूपमधला तोच एकटा कारकून करत असतो.

योग्य मार्ग ‘आफ्टर’चा. ‘टिकटिक’ नावाच्या फंक्शनने लेबलावरील वेळ बदलावी आणि शेवटच्या ओळीत खिडकीच्या आफ्टर पद्धतीला १००० मिलिसेकंद आणि ‘टिकटिक’ हे नाव द्यावे. फंक्शन लगेच संपते, कारकून मोकळा होतो, आणि सेकंदाने चिठ्ठी पुन्हा त्याच्या हाती येते. येथेही नावापुढे कंस लावून पाहावा: फंक्शन स्वतःलाच तत्काळ बोलावत राहते आणि पायथन रिकर्शनची मर्यादा ओलांडल्याचे सांगतो. घड्याळ अधूनमधून एखादा सेकंद गाळते असे बारकाईने पाहणाऱ्यास दिसेल, कारण हजार मिलिसेकंद हे कमीत कमी अंतर आहे, नेमके नव्हे. दर २०० मिलिसेकंदांनी पाहिले की हा दोष नजरेस येत नाही.

फाइल उतरवून घेणे यांसारखे लांबलेले काम वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे मेनलूपच्या बरोबरीने चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यात, टाकावे लागते. त्या थ्रेडने खिडकीतील कशालाही थेट हात न लावता निकाल क्यूमध्ये (रांगेत) ठेवावा आणि आफ्टरने ठरावीक वेळाने ती क्यू तपासावी.

सहावा नमुना: ठिपक्यांची रांगोळी

हा माझा आवडता नमुना. ४०० बाय ४०० पिक्सेलचा कॅनव्हास घ्यावा आणि दुहेरी फॉर लूपने ४०, ८०, १२० असे ३६० पर्यंत आडवे-उभे नऊ बाय नऊ ठिपके काढावेत; प्रत्येक ठिपका म्हणजे क्रिएट-ओव्हलने काढलेले तीन पिक्सेल त्रिज्येचे वर्तुळ. कॅनव्हासचा उगम डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि वाय खाली वाढतो, हे शाळेतील आलेखाच्या उलट असल्याने पहिले चित्र बहुतेकांचे उलटे येते. रांगोळी सममित असल्याने आपण त्यातून वाचतो.

माउससाठी कमांड नव्हे तर ‘बाइंड’ लागतो आणि तीन घटना बांधाव्या लागतात: डावे बटण दाबणे, दाबलेले असताना माउस हलणे, आणि बटण सोडणे. बाइंड केलेल्या फंक्शनला टीकेइंटर घटनेची माहिती देणारी एक वस्तू पाठवते, कमांडच्या फंक्शनला काहीच पाठवत नाही. म्हणून मापदंड नसलेले फंक्शन बाइंडला दिल्यास ‘शून्य मापदंड हवे होते, एक मिळाला’ अशी तक्रार येते.

दाबल्यावर जवळचा ठिपका शोधावा: एक्सला ४० ने भागून उत्तर जवळच्या पूर्णांकात आणावे आणि पुन्हा ४० ने गुणावे, वायसाठीही तसेच. त्या ठिपक्यापासून त्याच ठिपक्यापर्यंत शून्य लांबीची रेषा काढावी आणि क्रिएट-लाइनने परत दिलेला क्रमांक जपून ठेवावा. कॅनव्हासवरील प्रत्येक आकृतीला असा क्रमांक असतो आणि पुढे तिला हलवणे, रंगवणे, पुसणे हे त्याच क्रमांकाने होते. माउस हलत असताना ‘कोऑर्ड्स’ या पद्धतीने त्या रेषेचे दुसरे टोक माउसबरोबर न्यावे. नवशिके येथे प्रत्येक हालचालीला नवी रेषा काढतात आणि पडद्यावर झाडूचा फराटा उमटतो. तोही एकदा उमटू द्यावा, कॅनव्हास चित्र नव्हे तर वस्तू साठवतो हे त्यावरून कळते. बटण सोडल्यावर दुसरे टोक जवळच्या ठिपक्यावर बसवावे.

आता कडेच्या रिकाम्या पट्ट्यात, अगदी डाव्या कडेला क्लिक करावे. रेषा जेथे ठिपकाच नाही अशा जागेवरून सुरू होते, कारण १० ला ४० ने भागून जवळच्या पूर्णांकात आणले की शून्य येते. ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ वापरून उत्तर ४० ते ३६० मध्ये बांधावे.

मग सममिती. ठिपक्यांचा मध्य २०० वर आहे, त्यामुळे प्रत्येक एक्सचे प्रतिबिंब ४०० उणे एक्स आणि वायचे ४०० उणे वाय. बटण सोडल्यावर मूळ रेषेसोबत तिची तीन प्रतिबिंबे काढली की एका हाताच्या हालचालीत चारही कोपरे भरतात. चारही क्रमांक एका यादीत एकत्र ठेवावेत आणि ती यादी मोठ्या यादीला जोडावी. कंट्रोल-झेड दाबल्यावर शेवटची यादी काढून तिच्यातील चारही रेषा पुसाव्यात.

या टप्प्यावर ‘सुरुवातीचा ठिपका’, ‘चालू रेषा’, ‘इतिहास’ अशी तीन-चार चले तीन फंक्शनांत लागतात आणि प्रत्येकात ग्लोबल लिहिताना कंटाळा येतो. तो कंटाळा येऊ द्यावा आणि मगच सगळे एका वर्गात बसवावे. पहिल्याच नमुन्यात वर्ग घालणारी मार्गदर्शके मला पटत नाहीत. गरज जाणवण्याआधी दिलेली रचना पाठ होते, कळत नाही.

यापुढचे नमुने

जुने नमुने वाचताना आयातीची ओळ आधी पाहावी. टीकेइंटरमधील टी मोठा असेल तर तो पायथन २ चा आहे, ज्याचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. संदेशखिडक्यांचे वेगळे मोड्यूलही आता टीकेइंटरच्या आत गेले आहे. सर्व नावे तारांकन लावून आयात करणारे नमुने टाळावेत, कारण टीकेइंटर आणि पिलो (चित्रे हाताळण्याचा पायथन संच) या दोन्हींत ‘इमेज’ हे नाव आहे आणि नंतर आयात झालेले आधीच्यावर बसते. चित्र दाखवणारा नमुना फंक्शनच्या आत लिहिल्यावर चित्र गायब झाले तर फोटोइमेजची वस्तू एखाद्या टिकाऊ चलात किंवा लेबलाच्याच गुणधर्मात धरून ठेवावी. फंक्शन संपताच पायथन ती साफ करतो आणि लेबल रिकामे राहते.

मोठा कोड वाचायचा असल्यास आयडल स्वतः टीकेइंटरमध्ये लिहिलेला आहे आणि तो तुमच्या संगणकावर आहेच. ‘उणे एम’ने टर्टलडेमो चालवल्यास एका बाजूला कोड आणि दुसऱ्या बाजूला त्याचे चित्र दिसते. टीकेसोबत ‘विजेट’ नावाचा प्रात्यक्षिकांचा संग्रहही येतो. त्यातील कोड बदलून तेथेच पुन्हा चालवता येतो. तो टीसीएलमध्ये आहे, पण घाबरू नये: तेथे बटणाचे नाव टिंबाने सुरू होते आणि पर्यायांपूर्वी उणे चिन्ह असते, इतकाच काय तो फरक. तुमच्या एखाद्या त्रुटीसंदेशात टिंब, उद्गारचिन्ह आणि पुढे ‘बटण२’ असे काही दिसले होते ना, ते तुमच्या दुसऱ्या बटणाला टीकेइंटरने दिलेले टीसीएलमधले नाव होते.